ब्रश वाळत ठेवला की चित्र पूर्ण
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला वीस मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. माझ्याआधी आपला डॉक्टर मित्र गुडघ्यांवर बोलला, बँकेतून निवृत्त झालेली मैत्रीण मृत्युपत्रावर बोलली. दोन्ही विषय आपल्या वयाला शोभणारे. मी मात्र ब्रशवर बोलणार आहे. रंगवायच्या ब्रशवर. मागच्या बाकांवरून हसू आलेलं मला ऐकू आलं. बाक बदलले, माणसं बदलली नाहीत.

हा विषय घ्यायला एक कारण आहे. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतला एक भाग शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला द्यायचा असं ठरलंय, आणि आज संध्याकाळच्या बैठकीत खरेदीची यादी पक्की होणार आहे. कच्ची यादी मी पाहिली. तिच्यातली पहिलीच ओळ अशी आहे: ‘१२ ब्रशचा संच, २०० नग’. ज्यांनी यादी केली त्यांचा हेतू चांगला आहे, प्रत्येक मुलाच्या हातात काहीतरी पडावं. पण ती ओळ आपण बदलावी असं मला वाटतं. का, ते या वीस मिनिटांत सांगतो. पटलं तर संध्याकाळी हात वर करा, नाही पटलं तर चहा घ्या.

मी बोलायचा अधिकार कुठून आणला तेही सांगतो. गेली ३५ वर्षं माझ्या हातात ब्रश आहे. सुरुवातीला दुकानांच्या पाट्या रंगवल्या, बसस्टँडजवळच्या भिंती रंगवल्या, निवडणुकांत दोन्ही पक्षांच्या घोषणा एकाच डब्यातल्या रंगाने लिहिल्या. मग फ्लेक्स आले आणि ते काम दोनेक वर्षांत संपलं. त्यानंतर जलरंगाकडे वळलो आणि गेली १८ वर्षं मुलांचे वर्ग घेतो, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांचे. मुलं चित्रं कशी काढतात हे पाहिलं की त्यांच्या हातात ब्रश कसला आहे हे मला न बघता कळतं. आणि उलटंही खरं आहे. ब्रश वाईट असला की मूल समजतं, आपला हातच वाईट. ‘मला चित्रकला येत नाही’ असं म्हणणाऱ्या किती जणांना खरं तर ब्रशने दगा दिलेला असतो! आपल्यातही असतील. एका मुलाने वहीच मिटून टाकली होती. त्याच्या हातात माझा ब्रश दिला, त्याच पानावर त्याने केळीचं पान एका फटकाऱ्यात काढलं. हात तोच होता. म्हणून मला ही ओळ महत्त्वाची वाटते.

तर आधी ब्रश म्हणजे काय ते पाहू. तीन भाग. खाली लाकडी दांडा, वर केसांचा झुपका, आणि दोघांना जोडणारी पत्र्याची नळी. तिला आम्ही फेरूल म्हणतो. आपल्या वर्गात केसांविषयी बोलणं धोक्याचं आहे, समोर बरेच जण टोप्या घालून बसलेत, पण इलाज नाही. ब्रशचा सगळा जीव केसांत असतो.

चांगल्या गोल ब्रशला टोक असतं आणि पोट असतं. पोट म्हणजे फेरूलच्या वरचा फुगीर भाग. रंगाचं पाणी तिथे साठतं आणि दाब दिला की टोकाकडून उतरतं. शाईच्या पेनासारखंच. पोट नसेल तर ब्रश दर दोन रेघांनी रंग मागतो, टोक नसेल तर रेघ फाटते. तिसरी गोष्ट म्हणजे उसळी. कागदावर दाबला, उचलला, की केस पुन्हा जागेवर यायला हवेत. ज्याला ही तीन गुण आहेत तो चांगला ब्रश, मग त्याच्यावर नाव कुणाचंही असो.

यातली एक गंमत बहुतेकांना ठाऊक नसते. ब्रशचं टोक कात्रीने कापून केलेलं नसतं. केसाला निसर्गतः जी निमुळती शेंडी असते तीच ब्रशचं टोक होते. कारागीर केसांचा झुपका टोकं खाली करून एका छोट्या साच्यात सोडतो, हलके ठोके देतो, आणि केस आपोआप त्या आकारात बसतात. मग मुळाकडची बाजू बांधून फेरूलमध्ये घालून चिकटवतात. म्हणून टोक एकदा झिजलं की ते कापून परत आणता येत नाही. मुलं कात्री लावतात आणि मग रंगवायचा ब्रश दाढीचा ब्रश होतो.

आता प्रश्न असा की हे केस कुणाचे. आपल्या लहानपणी ‘कॅमल’चा ब्रश म्हणजे उंटाच्या केसांचा, अशी आपली पक्की समजूत होती. पूर्वी डोंबाऱ्यांबरोबर उंट आला की त्याच्याकडे आपण त्याच नजरेने बघायचो. खरं सांगतो, उंटाच्या केसांचा ब्रश रंगवायला निरुपयोगी असतो. तो केस लोकरीसारखा कुरळा, त्याला टोक येत नाही. कॅमल हे कॅम्लिन कंपनीचं नाव आणि चिन्ह. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरू केलेला तो मराठी उद्योग. आणि जगभरच्या बाजारात ‘कॅमल हेअर’ म्हणून जो ब्रश विकतात त्यातही उंट नसतो, खार, बकरी किंवा तट्टू यांचे केस असतात.

जलरंगासाठी जगात सगळ्यात नावाजलेला ब्रश म्हणजे कोलिन्स्की सेबल. सायबेरियाकडच्या एका मुंगसासारख्या दिसणाऱ्या, विझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीचे केस. पाणी भरपूर धरतो, टोक सुईसारखं, उसळी उत्तम आणि किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. खारीच्या केसांचा ब्रश मऊ असतो, पाणी पुष्कळ धरतो, पण उसळी कमी. आकाशासारखा मोठा ओला भाग रंगवायला तो बरा. आपल्याकडच्या लघुचित्रकारांनी खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवून ब्रश केले आणि राजाच्या मिशीचा एकेक केस रंगवला. तैलरंगाला मात्र डुकराचा राठ केस लागतो. घट्ट रंग ढकलायला ताकद हवी, आणि त्या केसाचं टोक निसर्गतः फाटलेलं असतं, त्यामुळे रंग धरून ठेवतो.

आणि आपल्या देशात वर्षानुवर्षं चाललेला चौथा प्रकार म्हणजे मुंगसाच्या केसांचा ब्रश. याविषयी मला जरा थांबून बोलायचं आहे.

आठवतं का, शाळेच्या मागच्या गडग्यावरून मुंगूस पळालं की आपण सगळे त्याला रामाची शपथ घालायचो, तोंड दाखव म्हणून? ते वळलं आणि तोंड दिसलं की दिवस चांगला जाणार, गणिताचा पेपरसुद्धा सोपा. तेच मुंगूस ब्रशसाठी मारलं जातं. मेंढीची लोकर कातरतात तसं इथे होत नाही, केसांसाठी प्राण्याचा जीवच जातो. केसाला उसळी छान, टोक छान, म्हणून चित्रकारांत मागणी मोठी. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुंगसाला संरक्षण आहे. त्याची शिकार, त्याच्या केसांचा व्यापार, त्याच्या केसांचे ब्रश विकणं हा गुन्हा आहे. २०१९ साली केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाची मोहीम काढली आणि अनेक ठिकाणी छापे घातले. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यात शेरकोट नावाचं गाव आहे, ब्रशच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. त्या मोहिमेत त्या गावाचं नाव पुढे आलं. तिथल्या कारागिरांना मी नावं ठेवणार नाही, घरोघर त्यावर चूल पेटते. पण मागणी आपण करतो. चित्रकार, शाळा, कलासाहित्याची दुकानं. आपण मागायचं थांबलो तर तेच कुशल हात दुसऱ्या तंतूचे ब्रश बांधतील, आणि बांधतातही.

म्हणून यादीसंबंधी माझी पहिली सूचना. शाळेसाठी येणारा प्रत्येक ब्रश सिंथेटिक असावा, आणि दुकानदाराकडून बिलावर तसं लिहून घ्यावं. मुंगसाचा केस साधारणपणे टोकाला गडद आणि मधे फिकट असा पट्टेरी दिसतो, पण रंगवलेले केसही मिळतात, त्यामुळे नुसतं पाहून खात्री होत नाही. ‘नॅचरल हेअर’ एवढंच लिहिलेलं असेल आणि प्राणी कोणता ते दुकानदाराला सांगता येत नसेल, तर तो ब्रश परत ठेवायचा. शाळेच्या कपाटात बेकायदा वस्तू आपल्या तुकडीच्या नावाने जायला नको.

सिंथेटिक म्हटलं की जुनी मंडळी नाक मुरडतात. पूर्वीचे नायलॉनचे ब्रश खरोखरच ताठ होते, पाणी धरत नव्हते. आता तसं राहिलेलं नाही. आताचे तंतू टोकाला निमुळते केलेले असतात, काही ब्रशांत जाड-बारीक तंतू मिसळलेले असतात, त्यामुळे पाणीही बऱ्यापैकी धरतात. ॲक्रिलिक रंगाला तर सिंथेटिकच योग्य, कारण तो रंग केसांना फार त्रास देतो. पोस्टर कलरलाही उत्तम. जलरंगात सेबलची सर येत नाही हे मान्य, पण आठवीच्या मुलाला त्या फरकाने काही अडत नाही. शिवाय सिंथेटिकला कसर लागत नाही.

दुसरी सूचना संख्येची. १२ ब्रशच्या संचात काय असतं? शून्य, एक, दोन, तीन अशा नंबरांचे बरेचसे बारीक ब्रश, ज्यांचा उपयोग फार थोडा. आणि मुलांची आवड अशी की बारीक काम म्हणून सगळ्यात बारीक ब्रश उचलतात. मग अख्खं आकाश दोन नंबरने रंगवतात. आकाश रंगवून होईपर्यंत पहिला कोपरा वाळतो आणि चित्रात पट्टे पडतात. ज्याला चांगलं टोक आहे असा दहा नंबरचा गोल ब्रश टोकावर धरला तर पापणीही काढतो आणि आडवा टेकवला तर डोंगरही. मोठा ब्रश पाणी जास्त धरतो, त्यामुळे रेघ लांब चालते. म्हणून मी प्रत्येक मुलाला तीनच ब्रश सांगतो. दहा नंबर गोल, पाच किंवा सहा नंबर गोल, आणि पाऊण इंची चपटा. स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र, तिन्ही पेपर यात निघतात. संकल्पचित्रात कडा सरळ हव्या असतात, तिथे चपटा कामाला येतो.

नंबरांविषयी एक सावधगिरी. ब्रशच्या नंबरांचं जगात एकच माप नाही. एका कंपनीचा सहा दुसऱ्या कंपनीच्या आठएवढा असू शकतो. तेव्हा फोनवर नंबर सांगून मागवू नका, नमुना हातात घेऊन पाहा.

नमुना पाहायचा कसा? नवा ब्रश दुकानात कडक असतो, कारण टोक टिकावं म्हणून त्याला खळ किंवा गोंद लावलेला असतो. ते कडक टोक बघून कुणी फसू नये. दुकानदाराकडे वाटीभर पाणी मागा. चांगला दुकानदार देतो, नाही देत त्याच्याकडून घेऊ नका. ब्रश पाण्यात हलवून खळ जाऊ द्या, मग मनगटाने एक झटका द्या. केस एका टोकाला आले तर ठीक, दोन टोकं झाली किंवा झाडूसारखे पसरले तर परत. मग ओलं टोक अंगठ्याच्या नखावर किंचित वाकवून सोडा. ते सरळ होतं का पाहा. केस दोन बोटांत धरून हलकेच ओढा. नव्या ब्रशचा एखादा केस सुटतो, पण झुबका हातात आला तर चिकटवणं कच्चं आहे. शेवटी फेरूल पिळून पाहा. ती दांड्यावर हलता कामा नये, आणि तिच्यावर दाबून घातलेल्या खाचा दोन असतील तर जास्त बरं.

आपल्यात निवृत्तीनंतर चित्रं काढायला लागलेल्या काही मैत्रिणी आहेत, त्यांनी सकाळी मला गाठलंच. त्यांच्यासाठी एवढंच. टेबलावर बसून जलरंग करायचे तर आखूड दांड्याचा ब्रश, उभं राहून घोड्यावर कॅनव्हास ठेवून रंगवायचं तर लांब दांड्याचा. बोटं दुखत असतील तर दांड्याला सुती पट्टी गुंडाळून जाड करा, पकड सैल राहते आणि रेघही चांगली येते.

महाग ब्रशाशिवाय कला होत नाही असं कुणी समजू नये. पलीकडे पालघर-डहाणूकडे वारली चित्रकार बांबूची काडी घेतात, टोक चावून मऊ करतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने भिंतीवर अख्खा तारपा नाच उभा करतात. जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं जगभर गेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या काडीची रेघ त्या चित्राला अगदी बरोबर असते. सांगायचं ते एवढंच की ब्रश कामाला साजेसा हवा.

आता दुसरा अर्धा भाग, निगा. हा जास्त महत्त्वाचा आहे. कारण चांगला ब्रशही निगेशिवाय महिनाभरात मरतो, आणि साधा ब्रश निगेने वर्षानुवर्षं चालतो.

आपले चित्रकलेचे सर इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही तास संपायच्या आधी सात मिनिटं टाळी वाजवायचात. मग सगळा वर्ग हौदावर. आणि कुणी धावत येऊन ‘सर, माझं चित्र पूर्ण झालं’ म्हटलं की तुम्ही विचारायचात, ‘ब्रश वाळत ठेवलास का? मग कसलं पूर्ण?’ त्या वेळी आम्हाला तो सरांचा एक हट्ट वाटायचा. आज माझ्या वर्गात मीही सात मिनिटं आधी टाळी वाजवतो.

ब्रशचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाण्याचं भांडं. ब्रश केसांवर उभा करून भांड्यात सोडून दिला की दोन गोष्टी होतात. सगळा भार टोकावर येऊन ते वाकतं. आणि पाणी फेरूलमध्ये चढतं, आतलं लाकूड फुगतं, वरचा रंग तडकून उडतो. पुढे लाकूड वाळून आकसलं की फेरूल सैल होते आणि एक दिवस ब्रशचं डोकं हातात येतं. काम करताना ब्रश आडवा ठेवायचा, भांड्यात उभा नाही. पाण्याची भांडी दोन ठेवायची, एकात धुवायचं आणि दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगाला घ्यायचं.

रंग घेताना केस पूर्ण बुडवायचे नाहीत. दोन तृतीयांश पुरे. रंग फेरूलच्या तोंडाशी वाळला की तो आतून केस फाकवत जातो आणि टोक कायमचं जातं. रंगाच्या कोरड्या वड्यांवर चांगला ब्रश घासू नये, त्यासाठी एक जुना ब्रश वेगळा ठेवावा. वडीवर आधी दोन थेंब पाणी टाकून पाच मिनिटं थांबलं तर घासावंच लागत नाही.

धुवायची रीत रंगाप्रमाणे बदलते. जलरंग आणि पोस्टर कलर असेल तर साध्या पाण्यात खळखळून, मग तळहातावर अंगाचा सौम्य साबण घेऊन ब्रश त्यावर गोल फिरवायचा. फेस पांढरा येईपर्यंत. फेरूलजवळचे केस बोटांनी हलके चेपायचे, कारण रंग तिथे लपतो. कडक गरम पाणी वापरायचं नाही, आतला गोंद सैल होतो. ॲक्रिलिक असेल तर चहाला उठायचं असलं तरी आधी ब्रश धुवायचा. तो रंग एकदा वाळला की प्लॅस्टिक होतो, पाण्याने परत विरघळत नाही. तैलरंग असेल तर आधी चिंधीने पुसून घ्यायचा, मग टर्पेंटाइनमध्ये, मग साबण-पाण्याने. तैलरंगवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर सुट्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

धुतल्यावर झटका द्यायचा, बोटांनी टोकाला आकार द्यायचा आणि ब्रश फडक्यावर आडवा वाळवायचा. उभा नाही, कारण उभा ठेवला की पाणी उलटं फेरूलमध्ये उतरतं. पूर्ण वाळल्यावर मात्र केस वर करून डब्यात उभा ठेवता येतो. ब्रशबरोबर येणारी प्लॅस्टिकची टोपी ओल्या ब्रशला चढवू नये, आत बुरशी धरते आणि टोपी घालताना कडेचे केस मुडपतात.

आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने हा वेगळाच मामला. चामड्याच्या चपलेला बुरशी येते तशी ब्रशालाही येते. जूनच्या आधी सगळे ब्रश धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून ठेवावेत, आणि अधूनमधून काढून हवा द्यावी. ज्यांच्याकडे खरे केसांचे ब्रश आहेत त्यांनी कपाटात डांबराची गोळी किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. लोकरीला लागते ती कसर ब्रशलाही लागते.

आणि बिघडलेल्या ब्रशचं काय? सिंथेटिकचं टोक वाकलं असेल तर गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, फक्त केस काही सेकंद बुडवून बोटांनी सरळ करून पाहा. बऱ्याचदा सुधारतं. अगदीच गेलेला ब्रशही टाकू नये. पसरलेल्या केसांनी गवत सुंदर येतं, झाडाची खरबरीत साल येते, गोंद लावायला तो चालतो. माझ्याकडे पाट्यांच्या काळातला एक चपटा ब्रश आहे. रोज रात्री रॉकेलात धुऊन, तेलाचं बोट लावून ठेवायचो. केस निम्मे झिजलेत, पण खडकाच्या भेगा काढायला त्याच्यासारखा दुसरा नाही. निवृत्त झालेल्याला वेगळं काम द्यावं, एवढंच. आपल्या सगळ्यांना हे पटेल.

तर आता यादीकडे येतो. मी दोन दुकानांत भाव काढले. २०० स्वस्त संचांना जेवढे पैसे लागतात, साधारण तेवढ्यातच एका वर्गाला पुरतील असे ४० चांगले संच येतात, तीन-तीन सिंथेटिक ब्रशांचे, म्हणजे १२० ब्रश. हे मुलांना घरी न देता चित्रकलेच्या वर्गातच ठेवायचे. एक वर्ग गेला की दुसरा तेच वापरेल. त्याबरोबर ४० आडवे ठेवायचे लाकडी ट्रे, ते आपला फर्निचरवाला मित्र लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांतून करून देतो म्हणाला. पाण्यासाठी ८० भांडी, साबण, आणि घरोघरची जुनी सुती फडकी, त्यांना तर पैसेच लागत नाहीत. आणि प्रत्येक ट्रेवर नंबर, म्हणजे कुठला ब्रश कुठे गेला ते कळेल.

कुणी म्हणेल, मुलाला स्वतःचं काही मिळालं नाही. मी म्हणतो, मिळालं. चांगल्या ब्रशने रेघ काढल्यावर हाताला जे कळतं ते त्याचं स्वतःचं. १२ ब्रशचा स्वस्त संच दिवाळीपर्यंत दप्तरात मोडून जातो, हे ज्यांच्या घरात नातवंडं आहेत त्यांनी पाहिलेलं आहे. आणि वस्तू सांभाळायची सवय ही वस्तूबरोबर फुकट मिळत नाही, ती कुणीतरी टाळी वाजवून लावावी लागते. शाळेत आता चित्रकलेला पूर्ण वेळ शिक्षक नाहीत, हे मुख्याध्यापिका बाईंनी सकाळी सांगितलं. तेव्हा पैशांबरोबर आपला वेळही देऊ. महिन्यातून दोन शनिवार मी येतो. इथून माझं घर पंचवीस मिनिटांवर आहे, सबब नाही. अजून दोघे-तिघे पुढे आले तर प्रत्येक शनिवार भरेल. चित्र यायला हवं अशी अट नाही. ब्रश धुता आला की पुरे.

यादीतली पहिली ओळ मी अशी सुचवतो: ‘गोल १०, गोल ६, चपटा पाऊण इंच, सिंथेटिक, ४० संच, ट्रेसह’. संध्याकाळी साडेपाचला बैठक आहे. नमुन्याचे तीन ब्रश आणि पाण्याची वाटी मी टेबलावर ठेवणार आहे. येऊन झटका देऊन पाहा आणि मग मत द्या. ज्यांना शनिवारी यायचं असेल त्यांनी तिथेच वहीत नाव लिहावं.

सर, तुम्हीही या. टाळी तुम्हीच वाजवा.